नुकसान फार झालं हो!

कोरोनाची दोन वर्षं महाराष्ट्रात एका गोष्टीवर सर्वपक्षीय एकमत होतं: मुलांचं नुकसान फार होतंय. मंत्री म्हणाले, संस्थाचालक म्हणाले, शिक्षक संघटना म्हणाल्या. पालक तर रोज दोनदा म्हणाले, एकदा मुलाच्या हातातला फोन काढून घेताना आणि एकदा स्वतःचं काम निघालं म्हणून परत देताना. मग १५ जून २०२२ ला शाळा भरल्या. एका बाकावर पुन्हा दोघं-तिघं बसू लागली. झालेलं नुकसान भरून काढायला याहून चांगला मुहूर्त नाही, आणि नेमकं इथेच एकमत मोडलं. नुकसान सगळ्यांना मान्य आहे, भरपाईचं नाव कुणी काढायचं नाही.

सरकारने एकदा काढून पाहिलं. त्याच वर्षी मार्चअखेरीस आदेश निघाला की पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग एप्रिल संपेपर्यंत पूर्णवेळ चालवा, शनिवारीही चालवा, रविवार ऐच्छिक. पाठोपाठ गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले कोरोनाचे निर्बंधच उठले आणि मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. मग काय विचारता! कालपर्यंत ‘शाळा उघडा’ म्हणून पत्रं पाठवणाऱ्या पालकांना कोकणातल्या गाडीचं रिझर्वेशन आठवलं. गुरुजींना ऊन आठवलं. विदर्भात ते खरोखरच होतं, पण त्या आठवड्यात पुण्यातल्या मंडळींनीही चंद्रपूरचा पारा तोंडपाठ केला. ‘दोन वर्षं घरात कोंडली होती हो पोरं, आता तरी गावाला जाऊ द्या,’ असा सूर निघाला. पोरं दोन वर्षं घरात होती म्हणूनच शाळा वाढवलीय, हे सांगायला गेलेल्या मुख्याध्यापकांना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी उत्तरं मिळाली, ती इथे छापता येत नाहीत. राहता राहिला ऐच्छिक रविवार. त्या दिवशी शाळेत यायची इच्छा कुणाला झाल्याचं अजून तरी आमच्या ऐकिवात नाही.

मुलंही काही कमी नाहीत. त्याआधी ३१ जानेवारीला धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घराबाहेर विद्यार्थी जमले, दहावी-बारावीची परीक्षा ऑनलाइनच घ्या म्हणून. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? परीक्षेविना किती भलं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकी विषयांच्या सरासरीने सगळ्यांना भूगोल आला. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीतल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० गुण एकत्र केले आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. कोकण विभाग तर शंभर टक्के. २०२२ मध्ये अभ्यासक्रम पाऊण, वेळ अर्ध्या तासापर्यंत जास्त, केंद्र बहुतेकांना आपल्याच शाळेत, इतकं करून परीक्षा घेतली आणि निकाल आला ९६.९४. लगेच हळहळ सुरू झाली, निकाल घसरला म्हणून! परीक्षा घेतली की निकाल खाली येतो, हा महामारीतला सर्वात महत्त्वाचा शैक्षणिक शोध आहे. बोर्डाने तो वेळीच ओळखायला हवा होता.

घरोघरचं दुःख वेगळंच आहे. दोन वर्षं चाचणीत पैकीच्या पैकी घेणारा मुलगा बाकावर बसल्याबरोबर विसात सातवर आला. अशा वेळी मुलापेक्षा आईचा चेहरा जास्त पडतो, कारण विसात वीस तिचेच होते. परवा एका शाळेच्या फाटकापाशी एक बाबा वर्गशिक्षिकांना विचारत होते, “बाई, असं एकदम कसं झालं? ऑनलाइनला तर भागाकार पक्का होता!” बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, “तुमचा अजूनही पक्काच असेल हो.” त्यानंतर बाबांनी फीचा विषय काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने फीमध्ये १५ टक्के कपातीचा आदेश काढला, तेव्हा संस्थाचालक कोर्टात गेले. त्यांचं नुकसान मात्र रुपये-पैशांत नेमकं मोजलेलं होतं.

तिसरीच्या वर्गात डोकावलो. या पोरांचं जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलं गेलं. पहिली वडिलांच्या फोनमध्ये गेली आणि दुसरीही बरीचशी तिथेच. बाईंनी फळ्यावर पाच शब्द लिहिले आणि उतरवून घ्यायला सांगितले. एकाने तीन उतरवले, वही बाईंसमोर धरली आणि म्हणाला, “फोटो काढून आईला पाठवा ना, बाकीचं ती करते.” चाळीस मिनिटं होताच दुसरा दप्तर आवरून उभा राहिला. झूमवरचा फुकटातला तास तेवढ्यालाच तुटायचा, त्यामुळे शिक्षण चाळीस मिनिटांचं असतं अशी त्याची पक्की समजूत आहे.

बाईंना या सगळ्यांना जोडाक्षरं शिकवायची आहेत. जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, त्यात तीन चाचण्या झाल्या, त्यांचे अहवाल वर गेले. तेव्हा कागदोपत्री जोडाक्षरं कधीच येऊन गेलीत. आता बाईंच्या टेबलावर नवा तक्ता आहे: पटावर किती, हजर किती, कितींचं आधार जुळत नाही. केंद्रातून निरोप आलाय, ‘माहिती आजच हवी, दुपारी बारापर्यंत.’ जोडाक्षरांना अशी अंतिम तारीख कुणी दिलेली नाही, म्हणून ती मागे राहतात. कोरोनात हेच शिक्षक नाक्यावर उभे होते, सर्वेक्षणाला दारोदार हिंडत होते. आधी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आलं, मग शाळा उघडताना ‘माझे विद्यार्थी, माझी जबाबदारी’ आलं. या ‘माझे’मधला मी कोण, हे शिक्षकांना कधी विचारावं लागलं नाही.

कार्यालयातल्या कपाटात थर्मल गन आहे. शिपाईमामा ती रोज प्रत्येकाच्या कपाळावर रोखायचे आणि ती इमानदारीने ३४ दाखवायची. ३४ अंशांचं पोर चालत शाळेत कसं आलं, या प्रश्नाला रजिस्टरमध्ये रकाना नसल्याने सगळ्यांचं ३६.६ लिहिलं जायचं. आता ती बंद पडलीय, पण फेकता येत नाही. जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत तिला क्रमांक आहे. निर्लेखन करायचं तर प्रस्ताव हवा, समिती हवी, ठराव हवा. म्हणजे त्या गनचा हिशेब एक दिवस लागेलच. एखाद्या मुलीचं वाचन नेमकं कुठे थांबलं, याची नोंदवही मात्र अजून छापायची आहे.

नुकसान रुपयांत मोजायचा प्रयत्नही झाला, नाही असं नाही. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीतल्या पोषण आहाराचे पैसे मुलांच्या बँक खात्यात जमा करायचं ठरलं: पहिली ते पाचवीला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला २३४. त्यासाठी आधी मुलाचं खातं हवं. खात्यात ठेवायची शिल्लक काही बँकांत मिळणाऱ्या रकमेहून मोठी होती आणि रांगेत आईची दिवसाची मजुरी बुडायची, ती वेगळी. राज्याच्या इतिहासात भरपाई घेण्यासाठी पदरमोड करावी लागल्याचं एवढं सुबक उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

तेव्हा शिक्षण खात्याला आमची एक नम्र सूचना आहे. जादा वर्ग नकोत, कमी गुण नकोत, एप्रिल नको, रविवार तर नकोच. भरपाई कुणालाच झेपणार नसेल, तर निदान ‘नुकसान झाल्याचा दाखला’ तरी देऊन टाकावा. मंत्र्यांना वाटपाचा कार्यक्रम मिळेल, संस्थांना दाखल्याची फी मिळेल, शिक्षकांना भरायला तक्ता मिळेल आणि पालकांना फ्रेम करून भिंतीवर लावता येईल. अर्ज विहित नमुन्यात, तीन प्रतींत. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो आणि मागील फी भरल्याची पावती जोडावी. खिडकी सकाळी ११ ते १२. पालकांनी समक्ष यावे. मुलाला आणण्याची आवश्यकता नाही.