गंजलेल्या केटल ग्रिलचा जीर्णोद्धार : अधिकार, विधी आणि पथ्ये

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकाव्यात असा जुना प्रघात असून, गंजलेल्या केटल ग्रिलच्या जीर्णोद्धाराचे शास्त्र त्याला अपवाद ठरू नये. केटल ग्रिल म्हणजे पोलादी पत्र्याचे दोन अर्धगोल, ज्यांपैकी खालच्यात कोळसा पेटतो, वरचा झाकण म्हणून बसतो आणि दोहोंच्या मध्ये असलेल्या जाळीवर मांस, मासे वा मके भाजले जातात. हा झाला विषय. अधिकारी म्हणजे अमेरिकेच्या एखाद्या उपनगरात राहणारा, मोटारीसाठी बांधलेल्या गराजमध्ये मोटार सोडून बाकी सर्व काही ठेवणारा, आणि शेजाऱ्याने कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवलेली वस्तू पाहताच गाडीचा वेग कमी करणारा गृहस्थ होय. संबंध घरात ग्रिल येताच आपोआप प्रस्थापित होतो आणि घरातील इतर संबंध त्या मानाने ताणले जातात. प्रयोजनाविषयी मात्र शास्त्रकारांत एकवाक्यता नाही, कारण नवे ग्रिल कोणत्याही मोठ्या दुकानात सहज मिळते, आणि जुने दुरुस्त करण्यासाठी लागणारे ब्रश, पॉलिश पेपर, रसायने व हातमोजे यांचा हिशेब कोणत्याही खऱ्या साधकाने आजवर मांडलेला नाही.

वस्तूचे कुलशील ठाऊक असल्याशिवाय तिला हात लावू नये. या ग्रिलचा मूळपुरुष जॉर्ज स्टीफन हा शिकागोच्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’ या पत्राकामाच्या कारखान्यात काम करीत असे, आणि उघड्या चुलाण्यावर वारा, पाऊस व उडणारी राख यांच्याशी झुंजून कंटाळल्यावर, कारखान्यात बोयांसाठी, म्हणजे जहाजांना वाट दाखविणाऱ्या तरंगत्या खुणांसाठी, तयार होणारे पोलादी गोल पाहून त्याला १९५२ मध्ये ही कल्पना सुचली. झाकण ठेवताच आग विझू लागली, तेव्हा हवेसाठी भोके पाडावीत असे एका शेजाऱ्याने सुचविले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, फुकट सल्ला देणारा शेजारी या शास्त्राच्या जन्मापासूनच उपस्थित आहे, ही गोष्ट जीर्णोद्धारकाने ध्यानात ठेवावी. बऱ्याच जुन्या ग्रिलांच्या झाकणावरील झडपेवर एक अक्षर कोरलेले असते आणि त्यावरून निर्मितीचे वर्ष काढता येते, म्हणून प्रथम त्या झडपेवरील काजळी तेवढी पुसावी आणि उरलेला दिवस त्या अक्षराच्या अर्थाविषयी चर्चा करण्यात घालवावा. या दिवशी दुसरे काही काम होत नाही, असा अनुभव आहे.

यानंतर येते निदान, आणि बहुतेक साधक येथेच फसतात. झाकण उलटे करून पाहिले असता आतील बाजूस काळे, चकचकीत पापुद्रे सुटलेले दिसतात, बोट फिरविल्यास ते खळकन खाली पडतात, आणि रंग उडाला या समजुतीने जीर्णोद्धारक तत्काळ रंगाच्या दुकानाकडे धावतो. वास्तविक त्या भागाला रंग दिलेलाच नसतो. ते पापुद्रे म्हणजे वर्षानुवर्षे धूर आणि चरबी जळून साठलेला कार्बन होय, आणि त्यासाठी प्लास्टिकची खरवडणी, साबणाचे कोमट पाणी व थोडा निगरगट्टपणा एवढी सामग्री पुरते. झाकणाचा आणि भांड्याचा बाहेरचा काळा पृष्ठभागही रंग नसून एनॅमल आहे, म्हणजे काचेची पूड पोलादावर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून चिकटविलेला मुलामा आहे. काच गंजत नाही, हे लक्षात घेता ग्रिलवर दिसणारा तांबूस थर पुष्कळदा खालच्या झडपांवरून, जाळीवरून किंवा नटबोल्टांवरून पाण्याबरोबर ओघळून आलेला असतो आणि साध्या ओल्या फडक्याने निघून जातो. हे कळल्यावर अनेकांचा हिरमोड होतो, कारण त्यांनी तोपर्यंत विजेवर फिरणारा तारेचा ब्रश विकत आणलेला असतो. तो एनॅमलवर चालविल्यास काचेला ओरखडे पडतात, टवके उडतात, आणि जेथे गंज नव्हता तेथे पुढील पावसाळ्यापर्यंत तो खात्रीने येतो.

खरा गंज टवके उडालेल्या कडा, पायांचे सांधे, पोलादी पट्ट्या आणि जाळ्या एवढ्याच ठिकाणी सापडतो. लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने बनणारा हा पदार्थ मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, खपल्या होऊन सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पाडतो, म्हणून केवळ वरून पुसून तो थांबत नाही. सुटे होणारे पोलादी भाग साध्या व्हिनेगरमध्ये, म्हणजे सुमारे पाच टक्के ॲसेटिक आम्ल असलेल्या द्रवात, रात्रभर बुडवून ठेवावेत, सकाळी काथ्याने घासावेत, उरलेले आम्ल मारण्यासाठी खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढावेत आणि लगेच पूर्ण कोरडे करून तेलाचा हात द्यावा. ‘लगेच’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा, कारण नुकतेच उघडे पडलेले ओले लोखंड चहा होईपर्यंतसुद्धा दम धरत नाही आणि त्यावर नव्या गंजाची पिवळसर झाक चढते. हे भाग एका रात्रीऐवजी आठवडाभर व्हिनेगरमध्ये विसरल्यास आम्ल गंज संपवून चांगल्या धातूकडे वळते. जुन्या ग्रिलांच्या झडपा आणि राखेची ताटली पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या असतात; त्यांना कॉस्टिक सोडा असलेल्या ओव्हन-क्लीनरचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण त्या द्रावणात ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडत विरघळत जाते आणि साधक चमकदार ताटलीऐवजी चाळणीचा धनी होतो.

विद्युत-अपघटनवाद्यांचा एक कर्मठ पंथ आहे. हे लोक धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजकी वस्तू बुडवून तिला बॅटरी-चार्जरचे ऋण टोक आणि एखाद्या भंगार लोखंडाला धन टोक जोडतात. गंज सुटतो हे खरे, परंतु धन टोकाला स्टेनलेस स्टील लावल्यास पाण्यात विषारी क्रोमियम संयुगे उतरतात आणि भांड्यातून हायड्रोजन निघत असल्याने हा विधी बंद खोलीत करता येत नाही. दोन जाळ्यांसाठी एवढा यज्ञ मांडणे अतिरेकच होय. जाळीवरचा मुलामा सुटू लागला असेल तर नवी जाळी आणावी; त्यात कमीपणा नाही.

रंगाचा मोह अखेरपर्यंत सुटत नाही. उच्च तापमान सहन करणारा फवारा पायांवर किंवा बाहेरच्या उघड्या पोलादावर मारण्यास हरकत नाही. भांड्याच्या आत तो मारू नये. लाकडी मुठीला पॉलिश पेपर लावून जवसाचे तेल पाजावे आणि तेलाने भिजलेली चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी, कारण हे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते आणि चुरगाळून कोपऱ्यात टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ग्रिल पेटण्यापूर्वी गराज पेटणे शास्त्रसंमत नाही. जाळी घासण्यासाठी तारेचा ब्रश वापरल्यास सुटलेल्या तारा अन्नात मिसळतात, आणि त्या घशात वा आतड्यात अडकल्याच्या नोंदी अमेरिकन डॉक्टरांनी केलेल्या आहेत. काट्याला टोचलेला अर्धा कांदा तापलेल्या जाळीवर फिरविला तरी ती पुरेशी साफ होते.

जोडणी झाल्यावर पहिला विस्तव रिकाम्या ग्रिलमध्ये पेटवावा, जाळीला तेलाचा पातळ हात द्यावा आणि ते तापून घट्ट होऊ द्यावे, म्हणजे जाळीवर संरक्षक थर बसतो. त्यानंतर काय भाजावे हा ज्याच्या त्याच्या घराण्याचा प्रश्न आहे. स्टेकच्या शेजारी भरताचे वांगे खरपूस भाजणारी मराठी घरे त्या उपनगरांत आहेत, आणि कोळशाच्या धुराचा वास वांग्याला लागल्यावर गॅसवरच्या भरताविषयी त्यांचे मत बिघडते.

एवढ्या खटाटोपानंतर एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. केटल ग्रिल खालून कुजते त्याचे सर्वांत मोठे कारण पाऊस नसून तळाशी महिनोन्‌महिने पडून राहिलेली राख हे आहे. राखेतील क्षार हवेतील ओल धरून ठेवतात आणि झडपांच्या कडा, सांधे व टवके उडालेले पोलाद त्या ओल्या लगद्यात सडत राहते. रस्त्याच्या कडेला सापडलेले ग्रिल पूर्वीच्या मालकाच्या आळसाचे फळ असते, आणि नव्या मालकाने ते चकचकीत करून, त्यात एकदा भोजन शिजवून, राख तशीच ठेवून झाकण लावले, तर काही वर्षांनी ते पुन्हा त्याच कडेला दिसते. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की निखारे पूर्ण विझून गार झाले, की दुसऱ्या दिवशी सकाळी राख पत्र्याच्या डब्यात काढावी आणि नंतरच ग्रिलवर आच्छादन घालावे.