हरणापुढे बसायचं कशावर?

आपल्या पुराणांत जमिनीवरून हरणाच्या वाटेला गेलेल्या एकाचंही भलं झालेलं नाही. पंडूने हरिण म्हणून बाण सोडला, तो निघाला किंदम ऋषी, आणि पुढचं सगळं महाभारत झालं. दशरथाने शरयूकाठी अंधारात पाण्यावर आलेलं जनावर समजून बाण मारला, तो श्रावणबाळाला लागला. राम सोन्याच्या हरणामागे धावला आणि इकडे पर्णकुटी रिकामी झाली. जरा नावाच्या व्याधाला तर श्रीकृष्णाचा पायच हरिण वाटला. या चारही प्रकरणांत शांतपणे बसलेला माणूस एकच, श्रीकृष्ण, आणि बाण नेमका त्यालाच लागला. उलट महाशिवरात्रीच्या कथेतला व्याध बघा. तो बेलाच्या झाडावर चढून बसला, रात्रभर हरणांची वाट पाहिली, एकही मारलं नाही आणि थेट शिवलोकी गेला. आपला धर्म मचाणाच्या बाजूचा आहे, याला आणखी काय पुरावा हवा?

हे सगळं मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या जेठूंना सांगून पाहिलं. जेठू म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पण कोलकात्याच्या बालीगंजमध्ये वय आणि आवाज या दोन्ही गोष्टी पुरेशा असल्या की माणूस अख्ख्या इमारतीचा जेठू होतो. निवृत्तीनंतर त्यांनी एक कॅमेरा घेतला आणि त्याला विमानविरोधी तोफेच्या मापाची लेन्स लावली. आता त्यांना हरिण ‘मारायचं’ होतं. तेही जमिनीवरून.

घाबरू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची भाषा तेवढी कॅमेरेवाल्यांकडे उरली आहे. त्या कायद्यात शिकारीची व्याख्या मोठी ऐसपैस आहे. मारणं सोडाच, जनावर पकडणं, हाकलणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, यातलं काही करून बघणंसुद्धा शिकारच. नुसतं बसून बघण्याला मात्र कायद्याची हरकत नाही. म्हणजे उरतं ते बसणंच.

“वरून काढलेल्या फोटोत चितळ वाळत घातलेल्या गोधडीसारखं दिसतं,” जेठू म्हणाले. “नजरेला नजर भिडली पाहिजे. आणि तुम्हा लोकांना जमिनीवर बसणं काय कळणार? तुमचे बर्गी इथे आले ते खोगिरावर बसून, गेले तेही खोगिरावर बसून.”

बंगालात राहणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. मराठ्यांच्या, म्हणजे त्या बर्गी घोडेस्वारांच्या, भीतीने 1742 साली कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता आणि तो पुरा केलाच नाही, पण आठवण मात्र पूर्ण ठेवली आहे. मी म्हटलं, “जेठू, खोगीर हीच सगळ्यात उत्तम फिरती बैठक. बसणाऱ्याला वाहून नेते.” त्यावर ते काही बोलले नाहीत. बालीगंजमध्ये असं क्वचित घडतं.

शिकारीच्या बाबतीत या वस्तीचं खानदान तसं मोठं आहे. इथल्या एका हमरस्त्याला न्यायमूर्ती आशुतोष चौधुरींचं नाव आहे. त्यांचे एक भाऊ प्रमथ चौधुरी ‘सबुजपत्र’ मासिक काढत. दुसरे भाऊ कुमुदनाथ, बॅरिस्टर आणि पट्टीचे शिकारी. त्यांनी झिलांतल्या आणि जंगलातल्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि अखेर वाघाच्याच हातून गेले. पुढच्या काळात बुद्धदेव गुह बालीगंजमध्ये राहत. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, तरुणपणी शिकारी, आणि ‘ऋजुदा’च्या गोष्टींनी बंगाली पोरांना जंगलाचं वेड लावणारे. सत्यजित राय यांनी आपल्या गुप्तहेर फेलूदाचं घरही इथेच रजनी सेन रोडवर ठेवलं आणि तिथून त्याला एका शिकारी जमीनदाराचं रहस्य उकलायला उत्तर बंगालात पाठवलं. अशा मोहल्ल्यात राहून चितळ फोनवर बघायचं, हे जेठूंना कमीपणाचं वाटणं साहजिक होतं. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक खाली ठेवली, नागझिऱ्याला जाऊन बसले आणि ‘सत्तांतर’ लिहिलं. 1983चा साहित्य अकादमी पुरस्कार वानरांसमोर नुसतं बसून मिळाला, असं मी जेठूंना सांगितलं. “कशावर बसले होते?” त्यांनी विचारलं. समीक्षकांनी इकडे लक्ष दिलेलं नाही.

खरं तर जमिनीवरच्या शिकारीत हाच प्रश्न पहिला आहे. मचाणावर माणूस हरणाच्या नजरेच्या वर असतो. वासही बराचसा वरच्या वर जातो. थोडी चुळबूळ खपते. जमिनीवर मात्र तुम्ही हरणाच्या नाकासमोर असता. ते रंगाला फसतं, लाल-नारिंगी त्याला धड ओळखू येत नाही, म्हणून अमेरिकेतले शिकारी भडक नारिंगी जाकिटं घालून बिनदिक्कत बसतात. एकमेकांना गोळ्या घालू नयेत हा त्यामागचा हेतू. पण हालचाल, आवाज आणि वास यांत हरिण फसत नाही. बूड अवघडलं की माणूस हलतो, आणि माणूस हलला की चितळ शेपटी वर करून पहिलं ओरडतं, मग वानर खोकतं, मग सगळ्या जंगलाला तुमचा पत्ता कळतो. बंदूक असो की कॅमेरा, त्याचं काम क्षणाचं. बैठकीचं काम सकाळभर.

माझा भाचा मिशिगनला असतो. तिथे दर वर्षी 15 नोव्हेंबरला हरणांवर बंदुकीचा हंगाम उघडतो. त्याने मला तिकडच्या खुर्च्यांची यादी पाठवली. आवाज न करता चहूकडे फिरणारी, चिखलात रुतू नये म्हणून पायांना थाळ्या लावलेली, पाठीवर टाकून न्यायची, पेला ठेवायला खळगा असलेली. किमती बघून जेठू म्हणाले, “एवढ्यात हरिणच येऊन घरी बसेल.”

म्हणून आम्ही गरियाहाटला गेलो. गरियाहाटच्या फुटपाथवर काय मिळत नाही हे अजून कोणी सांगू शकलेलं नाही. पहिला मान अर्थातच वेताच्या मोड्याचा. बंगाली माणसाचं अर्धं आयुष्य मोड्यावर जातं. हलका, गोल, दिसायला देखणा. पण बसल्याबरोबर तो करकरतो, आणि उठेपर्यंत बोलत राहतो. बंगाली अड्ड्यात हा गुण आहे, जंगलात दोष. मग जलचौकी पाहिली. ती आपल्या चौरंगाची धाकटी बहीण. एक अक्षर बोलत नाही, पण तिच्यावर बसलेल्या जेठूंना उठवायला मी आणि दुकानदार असे दोघं लागलो. शिवाय पूजेच्या वस्तूवर बसून शिकार केल्याबद्दल घरून काय ऐकावं लागेल याचाही विचार होता. चहाच्या टपरीवरचं प्लास्टिकचं स्टूल उत्तम, पण त्याला पट्टा नाही, आणि त्यावर बसलं की हात आपोआप चहासाठी पुढे होतो.

यानंतर जेठूंनी घरातून आजोबांची शूटिंग स्टिक काढली. काठीच काठी, मूठ उघडली की खोगिरासारखी छोटी बैठक. साहेब लोक घोड्यांच्या शर्यती बघायला नेत. एका पायावरची ही बैठक साहेबाच्या टणक हिरवळीवर ठीक असेल. बंगालची जमीन गाळाची. जेठू बसले आणि सावकाश, एखाद्या संस्थानाच्या इभ्रतीने, खाली जाऊ लागले.

अखेर गळ टाकून मासे धरणारे वापरतात ते तीन पायांचं, कापडी बैठकीचं, घडीचं स्टूल पसंत पडलं. तीन पाय असले की जमीन कितीही उंचसखल असो, स्टूल डुगडुगत नाही. भूमितीने केलेला हा एवढा एकच उपकार मला आयुष्यात उपयोगी पडला. उंचीही नेमकी. गुडघे कमरेपेक्षा जरासे वर येतात, त्यांवर कोपरं टेकतात आणि लेन्स स्थिर राहते. याहून उंच बसलं की आडोशावर डोकं दिसतं. खाली बसलं की उठण्यासाठी वनखातं बोलवावं लागतं.

तालमीसाठी रवींद्र सरोवर. 1920च्या दशकात इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ही दलदल खणून तळं केलं, आणि आता पहाटे तिथे पक्षी, पक्षी बघणारे आणि पक्षी उडवणारा हास्यक्लब असे तिन्ही येतात. वारा तोंडावर घेऊन, झाडाला पाठ लावून, जेठू स्टुलावर बसले. वास येऊ नये म्हणून आंघोळीला साबण लावू नका, असं मी बजावलं होतं. साबण त्यांनी टाळला. मात्र थंडी बाधू नये म्हणून माकडटोपी चढवली होती. तिला गेल्या वर्षीच्या डांबराच्या गोळ्यांचा, ओठांना लावलेल्या हिरव्या ट्यूबमधल्या मलमाचा आणि आदल्या रात्रीच्या मोहरीच्या तेलाचा असा त्रिवेणी सुगंध होता. हरिण पुण्याला असतं तरी सावध झालं असतं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. झाडाखाली नीट बसलेला माणूस दिसला की बालीगंजमधला दुसरा माणूस त्याच्याशेजारी येऊन बसतो. ही या वस्तीची प्रकृती आहे. दुर्गापूजेत मॅडॉक्स स्क्वेअरला या. मंडपासमोरच्या गवतावर वर्तमानपत्रं अंथरून माणसं मध्यरात्रीपर्यंत बसलेली असतात. वर्तमानपत्र हे जगातलं सगळ्यात हलकं आसन आहे आणि बसण्याआधी वाचताही येतं. सरोवरावर जेठूंभोवती दहा मिनिटांत तसंच एक मंडळ जमलं. मोहन बागान, रक्तदाब, इलिश माशाचा भाव, मग पुन्हा मोहन बागान. स्टुलाची घडी घालून पिशवीत ठेवताना जेठू म्हणाले, “बैठक छान झाली.” तालीम कशाची होती याचा उल्लेख झाला नाही.

मग सुंदरबन. बालीगंज स्टेशनवरून कॅनिंग लोकल मिळते, ही या मोहल्ल्याची एक थोर सोय आहे. फलाटावरून थेट वाघाच्या दिशेला गाडी. मुंबईच्या लोकलमधल्या चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून उमर घालवलेल्या मराठी माणसाला एक सांगतो. त्या गाडीत आमच्या स्टुलाने जे सुख दिलं ते पुढे जंगलातही दिलं नाही. टोपल्यांच्या आणि माणसांच्या मधोमध जेठू तिपाईवर विराजमान. दोघांनी किंमत विचारली, एकाने थेट पैसेच काढले.

सुंदरबनात पोचल्यावर कळलं की जमिनीवर बसायचं नाही. उतरायचंच नाही. कुंपण घातलेल्या मनोऱ्यांच्या जागा सोडल्या तर पर्यटकाने होडीतच राहायचं, हा नियम. वाटाड्याने कारण थोडक्यात सांगितलं: इथे हरणाची वाट बघत काठावर बसलेला माणूस म्हणजे वाघाच्या हिशोबी बांधलेला गारा, म्हणजे आमिष. आणि बसणार कुठे? चिखलातून खारफुटीची श्वसनमुळं टोकं वर करून हजारोंनी उभी असतात. त्या भीष्माच्या शय्येवर तीन पायांचं काय, शंभर पायांचं स्टूलही टेकणार नाही.

जेठू उदास होऊन होडीवाल्याच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. हात टेकायला हात, पाठीला पाठ. दुपारी ओहोटी लागली. पाणी उतरत गेलं, होडी खाली गेली आणि चिखलाचा काठ वर वर येऊ लागला. एका वळणावर केवड्याच्या नव्हे, केओड्याच्या झाडावर माकडं पाला ओरबाडत होती. खाली पडलेला पाला खायला चितळं जमली होती. माकडांच्या या सांडलवंडीवर सुंदरबनातल्या चितळांचं बरंच भागतं. होडी आता इतकी खाली होती की हरणाचे डोळे बरोबर जेठूंच्या लेन्ससमोर. जमिनीवर बसून जी नजर मिळायची ती पाण्यात बसून मिळाली. फोटो उत्तम आला. तो आता जिन्यात लावला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेठू सांगतात, “जमिनीवरून मारलेलं.”

माझा निकाल असा. खाडीत जाणार असाल तर काही विकत घेऊ नका, ओहोटीची वेळ तेवढी बघून जा. कोरड्या रानात बसणार असाल तर घडीचं तीन पायांचं कापडी स्टूल घ्या, मोडा घरी ठेवा, वारा तोंडावर असू द्या आणि बालीगंजहून कोणालाही बरोबर नेऊ नका. हे शेवटचं मला जमलेलं नाही. येत्या थंडीत जेठू माझ्याबरोबर रेहेकुरीला काळवीट बघायला येणार आहेत. तिथल्या माळावर पाठ टेकायला मोठं झाड मिळणं कठीण. तेव्हा कर्जत-श्रीगोंद्याकडच्या वाचकांपैकी कोणाकडे पाठ असलेली, हात असलेली, न करकरणारी खुर्ची असेल, तर दोन दिवसांसाठी द्यावी. लाल असली तरी चालेल.