भाऊंचं बँकॉक

शिरवण्याच्या नाक्यावर कुणी ‘बँकॉकला चाललोय’ म्हणालं की ऐकणारा डोळा मारतो. भाऊ ‘तुमच्या वहिनीला घेऊन चाललोय’ म्हणाले तेव्हा सगळा नाका हळहळला. पॅकेजातलं पट्टाया वहिनींनी आधीच काढायला लावलं होतं. तो दिवसही बँकॉकलाच घालवायचा ठरलं.

भाऊ ही एकच व्यक्ती आहे असं समजू नका. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या प्रत्येक आळीत एक भाऊ असतो. वय साठीपुढे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात बोटाएवढी साखळी. घर गावठाणात. अशा घरांना सरकारी कागदात ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात, आणि आमच्या भाऊंची गरज दर दोन वर्षांनी एका मजल्याने वाढत आलेली आहे. चौथ्या गरजेत आम्ही भाड्याने राहतो.

जानेवारी १९८४ मध्ये जासईला जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या हाकेवर जी माणसं रस्त्यावर उतरली, त्यांत विशीतले भाऊ होते. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. तेव्हापासून जगातली कुठलीही वास्तू दाखवा, भाऊंचे प्रश्न दोनच: जागा मूळची कुणाची? आणि त्याला काय मिळालं?

सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. देव एका बाजूला, दानव दुसऱ्या, मधे वासुकी. सगळा ग्रूप त्याच्यासमोर फोटो काढत असताना भाऊ गाइड मुलीला विचारत होते, “इकडं भरणी किती फूट?” विमानतळ दलदलीवर उभं आहे हे कळल्यावर त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. आपलं उलव्याचं विमानतळ तरी दुसरं काय आहे? बँकॉकचे कालवे बुजवून रस्ते केलेत हेही त्यांनी न सांगता ओळखलं. खारबंदिस्तीच्या बांधांवर वाढलेल्या माणसाला पाणी कुठून कुठं जायचं ते जमिनीकडे बघून कळतं. तिथे पाऊस आला की रस्ते तुंबतात, हे ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. “धारण तलाव काढले नसतील,” म्हणाले.

वाट फो देवळातला आडवा बुद्ध ४६ मीटर लांब आहे. भाऊंनी मनोभावे हात जोडले, मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, “दीडशे फूट. चारी बाजूंनी मार्जिन सोडलंच नाय.” मागे ओळीने मांडलेल्या १०८ कांस्यपात्रांत वहिनी एकेक नाणं टाकत गेल्या. एका पात्रात नाणं टाकायचं राहिलं अशी शंका आली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ग्रूप बसमध्ये बसून होता.

खरं बँकॉक भाऊंना सापडलं ते राजवाड्यात. गाइड पाठ केलेलं बोलत होती: १७८२ साली पहिल्या रामाने इथे राजधानी वसवली, राजवाड्यासाठी ही जागा निवडली, तेव्हा इथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती, त्यांना नदीच्या खालच्या अंगाला सांपेंगला हलवलं. ग्रूप पुढे पाचूच्या बुद्धाकडे सरकला. भाऊ जागचे हलेनात.

“हलवलं म्हंजे? नोटीस दिली?”

मुलीने हसून पुढचं वाक्य सुरू केलं. भाऊंनी वहिनींचा दंड धरला. “आगो, हे पन आपल्यासारकेच प्रकल्पग्रस्त!”

भिंतींवर रामायणाची चित्रं होती, मैलभर वाटावीत अशी. त्यांपैकी भाऊंना एकही आठवत नाही. दुपारचं जेवण सोडून ते टुकटुक करून थेट सांपेंगला गेले. तिथल्या याओवारात रस्त्यावर सोन्याची दुकानं एकाला एक लागून आहेत, लालभडक, आत साखळ्यांच्या रांगाच रांगा. भाऊंनी आपल्या गळ्यातली साखळी चाचपली, दुकानांकडे पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“यांना साडेबारा टक्के मिलालेले दिसतान.”

वहिनींचं लक्ष सोन्याकडे नव्हतं. पलीकडच्या गल्लीत सुकी मासळी होती. चार प्रकारचे सोडे, पोत्यांनी. त्यांनी एक सोडा नखाने मोडला, हुंगला, जिभेवर ठेवला आणि निकाल दिला: “रंग मारलाय.” दुकानदारीण चिनी वंशाची आजीबाई. तिला मराठी येत नव्हतं, पण अपमान कळला. तिने कॅल्क्युलेटर पुढे केला. वहिनींनी निम्मा आकडा दाबला. आजीने खोडला. अर्धा तास एकही शब्द न बोलता दोघी भांडल्या, आणि शेवटी आजीने दुकानाच्या आतून, स्वतःच्या घरासाठी राखलेले सोडे आणून दिले. वहिनींना त्या शहरात भेटलेलं एकमेव शहाणं माणूस तेवढंच.

परत आल्यावर नाक्यावरची मंडळी टीव्हीवर फोटो बघायला जमली. बघण्यासारखं काही असेल ही आशा त्यांना अजून होती. भाऊंनी तासभर त्यांना राजवाड्याची हद्द दाखवली. एकेक जण चिंचेची गोळी तोंडात टाकून उठला.

आता भाऊंच्या कानावर आलंय की इंडोनेशिया आपली राजधानी जाकार्तातून हलवून बोर्निओच्या जंगलात नुसांतारा नावाने नवी वसवतेय. रोज संध्याकाळी ते टूरवाल्या पोराला फोन करतात. तिकडचं पॅकेज निघत नाही, असं तो कळवळून सांगतो.

“मना बगाचा नाय रं काय,” भाऊ म्हणतात. “जाऊन त्या लोकांना सांगाचाय, पयल्या बैठकीला सह्या करू नका म्हनून.”

आतून वहिनी ओरडतात, “आदी इचारा, मासली मिलतं का!”