खामगाव-जालना गाडी कुठल्या फोल्डरात आहे?

खामगाव-जालना रेल्वे मी सुरू केलेली आहे. गाडी चिखलीला थांबते, देऊळगाव राजाला थांबते आणि वर नफ्यात चालते. श्रेयाचे बॅनर लावायला निघालेल्या सर्वपक्षीय मंडळींनी जरा दम धरावा, कारण ही गाडी माझ्या घरातल्या संगणकावर धावते. खऱ्या मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. सर्वेक्षणं झाली, आंदोलनं झाली, निवडणुकांची तर मोजदादच नको. एवढी वाट बघायला मला सवड नव्हती.

खेळाचं नाव ‘ओपनटीटीडी’. ख्रिस सॉयर या स्कॉटिश गड्याने १९९४ साली ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ आणला आणि पुढच्याच वर्षी त्याची सुधारित ‘डिलक्स’ आवृत्ती. लुडविग स्ट्रिगिअस नावाच्या स्वीडिश प्रोग्रॅमरने ती आतून उसवून नव्याने लिहिली आणि २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुली करून टाकली. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक एक पैसा न घेता तिची डागडुजी करत आलेत. रूळ टाका, स्टेशनं बांधा, गाड्या सोडा. उंच-सखल जमिनीचा काळा-पांढरा नकाशा दिला, तर खेळ त्यावरून डोंगरदऱ्याही उभ्या करतो. मी आपला बुलढाणा जिल्हा उभा केला. वर सातपुडा, मधे पूर्णेचं खोरं, खाली अजिंठ्याची रांग. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर माझ्या नकाशावर शेततळ्याएवढं झालं, पण राजूर घाट असा काही हुबेहूब जमला की पहिली मालगाडी अर्ध्या चढावर गोगलगायीवर आली.

अडचण आली ती कापसाची. जलंब-खामगाव हा फाटा १८७० साली पडला तोच मुळी खामगावच्या कापूस बाजारासाठी. आणि या खेळात कोळसा आहे, रबर आहे, हिरेसुद्धा आहेत, कापूस नाही! कापसाच्या जवळपास जाणारं जे काही आहे ते खेळण्यांच्या दुनियेत, तिथे झाडांना बुढ्ढी के बाल लागतात. आमच्या शेतकऱ्याच्या कापसाला जो भाव मिळतो तो पाहता तेही चाललं असतं, पण खामगावची इभ्रत होती. कोळशावर भागवलं.

नगरपालिकाही आहेत. झाडं तोडली की गावाची नगरपालिका रुसते आणि स्टेशनला परवानगी देत नाही. झाडं लावली की खुलते. लाच द्यायचीही रीतसर सोय आहे. ती फसली तर मात्र त्या गावाची तुमच्यावरची मर्जी उतरते आणि फटका बसतो. इथे खेळ वास्तवापासून थोडा दूर जातो.

तर असा सगळा कारभार सुरळीत चालू असताना शेगावला इंजिनिअरिंगला असलेला भाचा ताई-जावईबापूंबरोबर दिवाळीला आला.

“मामा, तुम्ही अजून १.११ च काऊन वापरता? १४ आलं ना बाप्पा!”

खेळ सांभाळणाऱ्या लोकांनी १.११ नंतर आवृत्तीचा आकडा एकदम १२ वर नेला. त्यामुळे मी तेरा पिढ्या मागे आहे असं मला वाटलं. खरं तर तीनच मागे होतो. खेळाला वीस वर्षं झाली त्या सुमाराला, एप्रिल २०२४ मध्ये, १४ बाहेर पडलं होतं. भाच्याने ते उतरवलं, बसवलं, उघडलं. पडद्यावर पाटी कोरी. सेव्ह केलेल्या खेळांची यादी रिकामी. चलन पौंडात. खामगाव नाही, जालना नाही, राजूर घाट तर मुळापासून सपाट.

“डिलीट नाही झालं मामा. फक्त दिसून नाही राह्यलं.”

आमच्या जिल्ह्याने रेल्वेबाबत ऐकलेल्या उत्तरांत हे त्यातल्या त्यात आशादायक होतं.

गोम फोल्डरात होती. माझी १.११ डी ड्राइव्हवर एका फोल्डरात नुसती झिपमधून काढून ठेवलेली होती आणि तिची ‘ओपनटीटीडी.सीएफजी’ ही सेटिंगची फाइल तिच्या शेजारीच नांदत होती. हा खेळ सुरू झाला की आधी ती फाइल शोधत फिरतो. ज्या फोल्डरात उभं राहून त्याला हाक मारली तिथे पहिल्यांदा बघतो. तिथे नसेल तर वापरणाऱ्याच्या डॉक्युमेंट्समधल्या ‘ओपनटीटीडी’ फोल्डरात. मग सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात, आणि तिथून पुढे जिथे तो स्वतः बसवलेला आहे तिथे. जिथे पहिली फाइल सापडेल तेच त्याचं घर. सेव्ह, स्क्रीनशॉट सगळं तिथेच ठेवणार. कुठेच नाही सापडली तर डॉक्युमेंट्समध्ये नवा संसार मांडतो. भाच्याच्या १४ ने तेच केलं होतं. डी ड्राइव्हवर आपले पूर्वज राहतात हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

भाच्याने यावर तोडगा काढला. जुन्या फोल्डरात कमांडची काळी खिडकी उघडली आणि तिथे उभं राहून नव्या १४ ला हाक मारली. झालं! गाडी चिखलीहून सुटलेली, मालगाडी घाटात हाशहुश करत असलेली. ताईने चहा टाकला. जावईबापूंनीही वाकून पाहिलं आणि “बुलढाण्याला स्टेशन कुठी काढलं?” असं विचारलं. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही, हे दुःख बुलढाण्याचा माणूस कुठेही घेऊन जातो.

रात्री सवयीने मी माझी जुनी १.११ उघडली, तर ती म्हणाली, ही फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली आहे, मला वाचता येत नाही. भावांनी चुली वेगळ्या मांडल्या आणि धान्याची कोठी मात्र एकच ठेवली, तर जे होतं ते झालं होतं. १४ जुन्या घरात राहून गेलं आणि आपोआप होणारी बचत जुन्याच सेव्ह फोल्डरात, जुन्याच नावांवर करत राहिलं. हा खेळ मागचं सगळं ओळखतो, वीस-वीस वर्षांपूर्वीचे सेव्हही उघडतो. पुढचं ओळखत नाही. शिवाय बारापासून त्यांनी खेळाडूचं नाव वगैरे ‘प्रायव्हेट’ नावाच्या वेगळ्या फाइलीत आणि पासवर्ड ‘सीक्रेट्स’मध्ये हलवलेत. त्यामुळे १४ ने आवराआवर केल्यावर १.११ ला माझं नावही सापडेना. ऑनलाइन खेळात मी ‘चिखली जंक्शन’ म्हणून ओळखला जात होतो. एका रात्रीत निनावी झालो.

भाच्याने आणखी एक उद्योग केला होता. मुख्य मेनूत जाऊन लाच बंद केली होती. तत्त्वनिष्ठ पोरगा आहे. पण खेळाचे असे नियम सेव्हच्या पोटातच साठवलेले असतात. मुख्य मेनूत काय ठरवलं ते फक्त नव्याने सुरू होणाऱ्या खेळाला लागू. चालू कारभारात लाच तशीच राहिली. हे मात्र मला अगदी ओळखीचं वाटलं.

इलाज साधा निघाला. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर, त्यात तिची स्वतःची सीएफजी फाइल. प्रत्येकीचा वेगळा शॉर्टकट, आणि त्यात ‘-सी’ लिहून पुढे त्या फाइलीचा पत्ता, म्हणजे कुठेही उभं राहून हाक मारली तरी ती आपल्याच घरी जाते. नव्या आवृत्तीकडे सेव्हची नक्कल पाठवायची, अस्सल जुन्याच घरी ठेवायची. सुदैवाने माझी आठवडाभरापूर्वी हाताने सेव्ह केलेली फाइल शाबूत होती. देऊळगाव राजाच्या पुढचा एक पूल तेवढा पुन्हा बांधावा लागला. पुन्हा बांधलेल्या पुलाचं बिल एकदाच लागलं, हेही नमूद करतो.

भाच्याने फोल्डरांना ‘१.११’ आणि ‘१४’ अशी शहाण्यासारखी नावं दिली. माझ्या हाती कारभार असता तर ‘नवी’, ‘नवी २’, ‘खरी नवी’ असं काही झालं असतं. खऱ्या खामगाव-जालना मार्गाच्या सर्वेक्षणांचीही आजवर तीच तऱ्हा झाली असणार, असा मला दाट संशय आहे.

जाता जाता वाचकांकडे एक मागणं. या खेळात मराठीही आहे, पण ती अपूर्ण भाषांच्या वेगळ्या फोल्डरात पडून आहे. भाषांतर घरबसल्या ऑनलाइन करता येतं. पैसे मिळत नाहीत, मोर्चाही काढावा लागत नाही. ज्यांना सवड आहे त्यांनी चार-चार ओळींना हात लावावा. जिल्ह्याच्या रेल्वेशी संबंधित निदान एक काम तरी आपल्या हयातीत पुरं होईल.