नाव ना गाव

"अगं, कळलं का? स्टेशनवरच्या सायकली चोरणारा सापडला!" काकूंनी कुंपणापलीकडून शनिवारचा पेपर फडकवला.

जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या आमच्या एश्बॉर्नला रविवारी गवत कापायचं यंत्र चालवता येत नाही, शांततेचा नियम आड येतो. तोंड चालवायला मात्र कुणाची ना नाही. काकू साताऱ्याच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. जर्मन वाचता येत नाही, पण पेपरात काय आलंय ते सुनेकडून रोज वदवून घेतात.

"कोण होता?" मी विचारलं.

"तेच तर सांगत नाहीत! '३४ वर्षांचा इसम', बस्स. नाव नाही, गाव नाही, कुठल्या देशाचा तेही नाही. ही काय बातमी झाली? आपल्याकडे असता तर आडनावासकट फोटो आला असता."

"मुद्दामच देत नाहीत, काकू. इथे प्रेसराट आहे, म्हणजे आपली प्रेस कौन्सिल म्हणा. तिची आचारसंहिता आहे १९७३ पासूनची. आरोपी कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, हे लोकांना कळायला सबळ कारण असेल तरच छापायचं. २०१५ च्या थर्टीफर्स्टला कलोनच्या स्टेशनबाहेर बायकांवर हल्ले झाले, तेव्हा ह्या नियमावरून रान पेटलं होतं. पेपरवाले लपवाछपवी करतात म्हणून लोक खवळले. २०१७ मध्ये नियमाचे शब्द बदलले, पण नियम ठेवला. नुसतं कुतूहल हे कारण चालत नाही."

"म्हणजे आपल्यासारख्यांची पंचाईतच!"

"उलट सोय आपलीच आहे. उद्या आपल्यातल्या कुणी उद्योग केला आणि देश छापून आला, तर सोमवारी एसबान लोकलमध्ये लोक कुणाकडे बघतील?"

काकूंनी पेपराची घडी घातली. "आपला नसेल ना गं तो?" हळूच म्हणाल्या. सगळी चौकशी ह्यासाठी होती तर!

"आणि नाही ऐकलं पेपरवाल्यांनी, तर? आत टाकतात?"

"छे हो. जाहीर कानउघाडणी करतात. आणि ज्याची केली त्यानंच ती आपल्या पेपरात छापायची. दंड नाही, बंदी नाही."

"एवढंच? मग हा बिनदाताचा वाघ!"

इथले लोकही प्रेसराटला हेच म्हणतात. बिल्ड नावाच्या प्रचंड खपाच्या पेपरानं अशा कानउघाडण्या सगळ्यांत जास्त खाल्ल्यात आणि तरी तो टुणटुणीत आहे. पण आपल्या कौन्सिलला तरी कुठे दात आहेत? १९६६ साली ती झाली तेव्हा पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती मुधोळकर, म्हणजे मराठीच. पुढे १९९५ ते २००१ न्यायमूर्ती पी. बी. सावंत. दोघेही सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, पण कौन्सिलच्या हातात समज, ताकीद आणि निषेध, ह्यापलीकडे काही नाही. आणीबाणीत तर कौन्सिलच गुंडाळली, ती १९७८ च्या कायद्यानं परत आली.

"मग फरक काय?" काकू सोडतात थोड्याच.

"बसतं कोण, ह्यात फरक आहे. आपल्याकडे पाच खासदार असतात. इथे फक्त प्रकाशकांच्या आणि पत्रकारांच्या संघटना, राजकारणी एकही नाही. पन्नाशीच्या दशकात सरकार पेपरांसाठी कायदा आणायच्या बेतात होतं. तो डोक्यावर बसायच्या आत ह्यांनी १९५६ साली आपली आपणच शिस्त लावून घेतली."

मला विचाराल तर हेच बरं. सरकारी दातांचा वाघ आधी कुणाला चावतो, हे आणीबाणीनं दाखवलंच आहे.

"आणि ते दर तिमाहीला ५५ युरो जातात आमचे, ते ह्यांनाच ना? मुलगा सारखा कुरकुरत असतो."

"नाही नाही, ते रेडिओ-टीव्हीचे. घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. त्यातला वाटा आपल्या फ्रँकफर्टच्या हेसिशर रुंडफुंक ह्या प्रसारण संस्थेला जातो. त्यांच्यावर लक्ष ठेवायला वेगळी समिती, तिच्यात चर्चची माणसं, कामगार संघटनांची माणसं. खासगी चॅनेलांसाठी आणखी वेगळं ऑफिस, ते कासेलला."

"बाई बाई! एका टीव्हीला इतक्या सासवा!"

काकूंना ही व्यवस्था मनापासून पटलेली दिसली. मग पेपर पुन्हा उघडून म्हणाल्या, "पण समज, आपल्या लोकांबद्दल कुणी वेडंवाकडं छापलंच, तर माझ्यासारखीनं जायचं कुठे?"

कुठे जायला नको. छापील पेपर असो की पेपराची वेबसाइट, प्रेसराटकडे कुणीही तक्रार करू शकतं. फी नाही, वकील लागत नाही, जर्मन पासपोर्टही लागत नाही. फक्त मजकूर छापून आल्यापासून वर्षाच्या आत लिहायचं. पत्र लिहून द्यायला काकूंच्या घरात सून आहेच.