ओझरच्या वाटेवर कॅबर्ने

पिंपळवंडीहून खोडदला दुर्बीण बघायला जाता येतं. 45 मीटर व्यासाच्या तबकड्या, अशा एकूण 30, आणि विश्वाच्या पार टोकाकडून येणारी क्षीणातली क्षीण रेडिओलहर टिपायची त्यांची ताकद. शास्त्रज्ञांचं कौतुक आहेच. पण सासुरवाडीच्या ओसरीवर बसून जावयाने बायकोच्या कानात "संध्याकाळी वाइन कॅफेत जेवायला जाऊ" असं पुटपुटावं, आणि परसात शेंगा फोडणाऱ्या मामांनी तिथून "कुठं जायचंय?" विचारावं, हे त्या तबकड्यांना जमायचं नाही. (खोडद मी नंतर पाहिलं. मोठं आहे.)

लग्नाचा वाढदिवस होता. घरात सासरे माळकरी, मामा माळकरी, कपाटावरच्या विठ्ठलाची नजर सरळ माझ्यावर. "ओझरला, विघ्नहराच्या दर्शनाला," मी म्हणालो. मामांनी शेंगा खाली ठेवल्या, हात झटकले, टोपी घातली आणि गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. वाढदिवसाची बायको मागे.

नारायणगाव आलं. ओझरचा फाटा मागे पडला. मामा काही बोलले नाहीत. माणूस बोलला नाही की मी जास्त बोलतो. शिवनेरीवर बोललो, तमाशाच्या राहुट्यांवर बोललो, विठाबाईंवर बोललो. "जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "गणपतीनं जागा बदलली काय?" मागून बायको म्हणाली, "मामा, आम्ही वाइन प्यायला चाललोय. तुम्ही येताय का उतरताय?" तिच्या माहेरच्या माणसांशी खरं बोलायचं असतं हे तिने मला आधी सांगायला हवं होतं.

मामा आले.

कॅफे छान होता. पिवळे दिवे, लाकडी पिंपं, आणि पुस्तकाएवढं मेनूकार्ड. वाइनबद्दलचं माझं ज्ञान इतकंच, की ग्लास फिरवायचा असतो. वेटर पोरगा गोड होता. त्याने बाटली मुलासारखी हातावर घेऊन सांगितलं, की ही कॅबर्ने सॉव्हिन्यॉं, हिच्यात काळ्या बेरीचा, चामड्याचा आणि किंचित तंबाखूचा वास येतो.

"चामड्याचा?" मामा म्हणाले. "फवारणी कसली केली होती?"

इथून माझा वाढदिवस संपला. पोरगा म्हणाला, तो वास द्राक्षातूनच येतो. मामांनी साखरेचा ब्रिक्स विचारला. मणी फुगवायला जीएचं डिपिंग करतात का विचारलं. पोरगा आत जाऊन एका शहाण्या माणसाला घेऊन आला. तो म्हणाला, वाइनच्या द्राक्षाला जीए द्यायचं नसतं. मणी बारीकच हवा, साल जाड हवी, बी हवी. रस बहुतेक वेळा पांढराच निघतो, लाल रंग सालीतून उतरतो.

"बारीक मणी, जाड साल, वर बी," मामा माझ्याकडे वळले. "असला माल मार्केटला नेला तर व्यापारी गाडीवरची ताडपत्रीसुद्धा उघडू देणार नाही. आणि हे कितीला?"

ग्लास 450 रुपये. एका बाटलीत पाच ग्लास, एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्ष. मामांनी हिशोब कागदी रुमालावर केला. खाली दोन रेघा मारल्या. शेजारच्या टेबलावरचं तरुण जोडपं हात सोडून तो रुमाल बघायला लागलं. मामांनी त्यांनाही समजावून सांगितलं. मग शहाण्या माणसाने अभिमानाने सांगितलं, की शामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात इथेच, नारायणगावात, शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन केली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशात पाठवली. "माहितीये," मामा म्हणाले. "आम्ही सायकलवर जाऊन कुंपणातून बघायचो."

मी ग्लास फिरवला. निम्मी कॅबर्ने सदऱ्यावर आली. उरलेली प्यायची, तर गाडी मला चालवायची होती. बायकोने माझा ग्लास ओढून घेतला आणि स्वतःचा संपवून तोही शांतपणे संपवला. मामा तेवढा वेळ छताकडे बघत होते.

नंतर त्यांनी बाटली उचलून दिव्यासमोर धरली. "2009 ला नोव्हेंबरात ते फयान वादळ आलं ना," ते म्हणाले, "बाग फुलोऱ्यात होती. पाऊस थांबला आणि डावणी आली. घड हातात घेतला की हातातच गळायचा. मीच कुऱ्हाड चालवली. तोडल्यावर वेलीच्या खोडातून पाणी येतं, तुम्ही बघितलंय? येतच राहतं. तुझी मामी शेताकडं महिनाभर फिरकली नाही." बायकोने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मला काहीतरी बोलायचं होतं. सदरा पुसत राहिलो. तेव्हापासून मामा टोमॅटो लावतात. टोमॅटोनेही त्यांना बुडवलंय, पण ते म्हणतात त्याच्याशी आपलं नातं नाही, त्यामुळे लागत नाही.

तेवढ्यात चीजची थाळी आली. कडेला सजावटीला काळ्या द्राक्षांचा घोस. मामांनी चीजकडे पाहिलंसुद्धा नाही. एक मणी दातांनी अर्धा केला, आतला भाग पाहिला आणि जाहीर केलं, "जंबो. आपल्याच भागातला. पाणी थोडं उशिरा तोडलंय." शहाणा माणूस वहीत लिहून घेत होता. मामांनी जेवण म्हणून वरणभात मागितला, तो नव्हता. मग चहा मागितला, तो पोराने स्वतःसाठी केलेल्यातला दिला. उठताना मामांनी स्वयंपाकघराला रोज एक क्रेट टोमॅटो द्यायचं ठरवलं होतं आणि द्राक्षं रुमालात बांधून घेतली होती. बिल मी दिलं.

परतताना दोन्ही बाजूंनी ऊस, त्यामुळे बिबट्याच्या धाकाने काचा वर. मागे बायको दोन ग्लासांच्या आनंदात मोठ्याने अभंग म्हणत होती.

सासरे जागे होते. "झालं दर्शन? प्रसाद?"

मामांनी टेबलावर रुमाल सोडला. हिशोबाची बाजू खाली. सासऱ्यांनी नमस्कार करून एक मणी तोंडात टाकला, चावला, थांबले.

"ओझरला जंबो कधीपासून वाटायला लागले?"

"दाजी, 2018 ला आपला तालुका पर्यटन तालुका झाला," मामा टोपी काढत म्हणाले. "सुधारणा व्हायच्याच."