पाटीवर लक्ष असू द्या

भाव ठरलेला आहे, घासाघीस नको. वर्धा जिल्ह्यातल्या सरकारी शाळेला तुमचं नाव लावायचं असेल तर ५ वर्षांचे ५० लाख आणि १० वर्षांचा १ कोटी. सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय काढा, दरपत्रक त्यातच आहे. दर महापालिकेच्या अ, ब, क, ड वर्गावरून ठरतो आणि जिल्ह्यात महापालिका एकही नाही, त्यामुळं वर्धा-हिंगणघाटच्या नगरपरिषद शाळांपासून आष्टी-कारंजाकडच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत सगळ्यांना सर्वांत खालचा दर लागू. शहर आणि खेडं यांतली दरी बुजायला पंच्याहत्तर वर्षं लागली, पण बुजली बाबा एकदाची.

मी हिशेब केला. दिवसाला २,७३८ रुपये पडतात. रविवार, दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या धरून. मास्तर सुट्टीवर जातो, पाटी जात नाही. दर वाईट नाही. पण १० वर्षांचा हिशेब केला, तरी दिवसाला २,७३८ च! ठोकात घेणाऱ्याला एका पैशाची सूट नाही. आणि तिकडे नागपुरात? ५ वर्षांचे २ कोटी, १० वर्षांचे ३ कोटी. म्हणजे पहिली पाच वर्षं घ्या आणि पुढची पाच निम्म्या भावात न्या. सत्तर किलोमीटरवर ही सवलत आणि आमच्या सेलू-समुद्रपूरच्या दानशूराला फुटकी कवडी नाही. हा अनुशेष कोण भरून काढणार?

रोख पैसे चालत नाहीत. वस्तू द्या, सेवा द्या, भिंती रंगवा, संगणक बसवा. इमारत लोकांची, पोरं लोकांची, मास्तर सरकारचा आणि नाव तुमचं, अशी ही भागीदारी. भागीदारी म्हटली की समन्वय आला, संनियंत्रण आलं, आढावा आला. आपल्या शाळांवर देखरेख नाही ही तक्रार जुनीच. केंद्रप्रमुख एक आणि केंद्रं तीन, त्यात त्या बिचाऱ्याचा अर्धा दिवस 'माहिती आजच्या आज सादर करावी' याची उत्तरं देण्यात जातो. आता खासगी डोळे मिळाले, तर शाळा सुधारेल असं म्हणतात.

म्हणणाऱ्यांच्या तोंडात साखर पडो. माझी मात्र खात्री आहे की या शाळेत एकाच गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून देखरेख होईल, ती म्हणजे फाटकावरची पाटी. देणगीदाराचा माणूस गाडीतून उतरेल आणि फाटकाशीच थांबेल. मोबाइल काढेल, दोन पावलं मागं सरकेल, कपाळाला आठ्या घालेल. "सर, हा निंबाचा फांदा तोडून घ्या. आमच्या नावाचं शेवटचं अक्षर झाकून राहिलं." सर लगेच कोयता मागवतील. आत पाचवीतलं पोरगं बावन्नातून सदतीस वजा करताना हातचा विसरतंय. विसरू दे. ते पाटीच्या आड येत नाही.

'जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा' ही अक्षरं आधीच्या पेंटरनं निळ्या रंगात, जमेल तशी, शेवटी जागा कमी पडली म्हणून 'शाळा' बारीक करून काढलेली असतात. नव्या पाटीत ती आणखी बारीक होतील. आणि सरकारचं त्यात काय बिघडतं? सरकारला शाळेचं नाव लागतच नाही. ते शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांकानं ओळखतं. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा २७०८ पासून सुरू होतो. पोषण आहाराची खिचडी त्याच क्रमांकावर शिजते, पुस्तकं त्याच क्रमांकावर येतात. नाव हे सरकारच्या लेखी घरातलं अडगळीचं भांडं झालं होतं, भंगारवाला दारात आला तेव्हा आठवलं.

पण नाव लागतं एका ठिकाणी: दाखल्यावर. आणि इथं माझी झोप उडते. समजा, थोरला भाऊ पहिलीत गेला तेव्हा शाळा एका कीटकनाशकवाल्याकडं होती. त्याचा दाखला औषधाच्या नावानं निघाला. पाच वर्षं संपली, बोंडअळीनं ते औषध पचवलं, कंपनीनं करार वाढवला नाही, शाळा पुन्हा जिल्हा परिषदेच्या नावावर आली. मधल्या भावाचा दाखला तसा निघाला. मग एक बिस्किटवाला आला. धाकटा बिस्किटात पास झाला. आता हेच तिघं, किंवा त्यांची पोरं, जात पडताळणीला जातील. ज्यांना माहीत नाही त्यांनी हा लेख इथंच सोडावा. ज्यांनी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा एक कागद मिळावा म्हणून शाळेच्या लोखंडी कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर, वाळवीनं खाल्लेलं, पान पान वेगळं झालेलं, गुरुजींच्या हातापाया पडून उघडायला लावलं आहे, आजोबांच्या नावापुढची एक वेलांटी ऱ्हस्व निघाली म्हणून तालुक्याला सात चकरा मारल्या आहेत, त्यांनी पुढं वाचावं. खिडकीतला बाबू विचारेल, "तुमच्या वडिलांची शाळा कोणती? इथं तर फवारणीचं औषध लिहून हाये." "तेच शाळा साहेब." "काकाच्या दाखल्यावर जिल्हा परिषद?" "तेच शाळा." "आन् लहाने काका बिस्किटात शिकले? मंग हे तिघं सख्खे भाऊ कसे?" मग प्रतिज्ञापत्र, मग दोन साक्षीदार, मग सरपंचाचा दाखला की तिन्ही शाळा एकाच निंबाखाली होत्या. तो निंब तर फोटोसाठी तोडलेला.

वर्ध्याला या सगळ्याचं नवल वाटू नये. शाळेचा खर्च शाळेनंच भागवावा हा विचार १९३७ च्या ऑक्टोबरात याच गावात भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. पोरांनी सूत कातावं, हातानं काम करत शिकावं आणि त्या कामातून मास्तरांचा पगार निघावा. 'नई तालीम' म्हणतात ती हीच. त्यातलं सूत गेलं, काम गेलं, तालीमही गेली. 'खर्च सरकारनं करू नये' एवढा एक धागा मात्र पुढच्यांनी जपून ठेवला.

आणि खरंच देखरेख हवी असेल, तर ती कोणी करायची हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. कलम २१. शाळा व्यवस्थापन समिती. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बाया. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कुठं गेलं ते बघणं हे त्यांचं काम. फुकट. एक रुपया घेत नाहीत, पाटीवर नाव मागत नाहीत. त्यांचं आपण काय केलं? दिवसभर कापूस वेचून बाई घरी येते, चुलीला काडी लावते, तेवढ्यात शाळेतून पोरगं रजिस्टर घेऊन येतं. सभा झालेली असते, चर्चा झालेली असते, ठराव सर्वानुमते मंजूर झालेला असतो, सूचक म्हणून तिचंच नाव असतं. तिनं फक्त सही करायची. एखादी वाचते आणि विचारते, "शाळेतली लाइन काऊन कापली?" तर तिला सांगतात, तो विषय आजच्या सभेत नव्हता. लाइन बिल थकलं म्हणून कापलेली असते. ज्या सरकारला आपल्या शाळेचं विजेचं बिल भरता येत नाही, ते कंपनीकडून बेचाळीस इंची टीव्ही घेतं, हार घालतं, फोटो काढतं आणि त्याला गुणवत्तावाढ म्हणतं! टीव्ही वस्तूत बसतो. बिल कशात बसतं? या बाईला पाटी नको आहे, तिला नुसतं उत्तर हवं आहे, आणि उत्तर देण्याचा भाव कुठल्याही दरपत्रकात नाही. कोट्यधीशानं आठ महिन्यांत एकदा येऊन फाटकापाशी उभं राहायचं ती देखरेख, आणि जिचं पोर रोज त्या फाटकातून आत जातं तिनं विचारलं तर ती कटकट. निर्लज्जपणालाही काही वर्गवारी असावी, अ, ब, क, ड अशी.

असो. देणगीदारांचं तरी नुकसान होऊ नये म्हणून एक सल्ला देतो. शाळा घेण्याआधी पटसंख्या बघा. ज्या सप्टेंबरात हे दरपत्रक निघालं, त्याच सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्तावही मागवले होते. आपल्याकडं, विशेषतः आर्वी-आष्टीच्या बाजूला, सतरा-अठरा पोरांच्या शाळा आहेत. एका टेबलावर नाव १० वर्षांना विकायला काढलेलं, शेजारच्या टेबलावर तीच शाळा मिटवण्याचा प्रस्ताव. उद्या पोरं बसमध्ये बसवून पाच किलोमीटरवरच्या समूह शाळेत नेली, तर तुमची पाटी कुलूप लावलेल्या फाटकावर राहील आणि ती वाचायला बकऱ्या येतील. तेव्हा गावात आधी चौकशी करा, पहिलीत यंदा किती पोरं येणार ते अंगणवाडीताईला विचारा, आणि पट वीसच्या खाली गेला तर उरलेल्या दिवसांचे २,७३८ रुपयांप्रमाणे पैसे परत मिळतील का, ते सही करण्याआधी लेखी घ्या.